शुगर-बीपीवाल्यांची लस, कोपरखैरणे ते दिघा: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑगस्ट २०२५

७ एप्रिल २०२५, सोमवार

आज काम सुरू झालं. सहा आरोग्यसख्या, दोन नर्सताई आणि मी. नवी मुंबईतल्या वस्त्या चार घेतल्यात, कोपरखैरणेतली माथाडी वसाहत, घणसोलीचं सिम्प्लेक्स, तुर्भे स्टोअर आणि दिघ्यातला इलठणपाडा. ज्यांना शुगर, बीपी, हार्ट, दमा, किडनी यापैकी काही जुनं दुखणं आहे अशा मोठ्या माणसांना लसीबद्दल सांगायचं आणि जमेल तिथे द्यायची. मुख्य फ्लूची, कारण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, जुलै ते सप्टेंबर, मग परत थंडीत एक छोटी लाट. लस घेतल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत हे व्हायला पाहिजे, आपल्या हातात एप्रिल-मे एवढंच.

सकाळच्या मीटिंगला मी सगळ्यांना एकच विचारलं, तुमच्या घरात कोणाला शुगर आहे का? सहापैकी पाच हात वर. त्यांनी लस घेतलीय का? एकही हात नाही. आणि या सगळ्या बायका पोलिओच्या बूथवर वर्षानुवर्षं बसलेल्या आहेत, गोवरच्या मोहिमेत दारोदार फिरल्यात. बाळाचं कार्ड असतं, गरोदर बाईचं असतं, कोणाचा डोस कधी ड्यू आहे ते आशाताईला तोंडपाठ असतं, पण पन्नाशीच्या शुगरवाल्या माणसाला तुमची लस झाली का असं आजवर कोणी विचारलंच नाहीये. मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे नंतर.

१६ एप्रिल, बुधवार

दीड आठवडा झाला, काम नीट चाललेलं नाही. पत्रक घेऊन दारात उभं राहायचं, लसीचे फायदे वाचून दाखवायचे, माणूस मान हलवतो, हो हो ताई, बघू, आणि दार लावून घेतो.

ऐकलेलं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"लस पोरांची असते ना?"
"कोरोनाची तीन घेतली की, आता अजून कशाला?"
"शुगर आहे मला, सुई टोचली की जखम भरत नाही." हे म्हणणारे दादा रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पोटात इन्सुलिन टोचतात, घणसोलीच्या सखीने तेच त्यांना आठवण करून दिलं तर ते गप्प बसले पण पटल्यासारखे दिसले नाहीत, वरून थोडे दुखावले. वादात जिंकून काही उपयोग होत नाही हे मी तिला नंतर सांगितलं.
"मला काय न्हाय होत." हे सगळ्यात जास्त वेळा.

वेळही चुकतेय आपली. भाजी मार्केटचा माणूस रात्री बारा-एकला गाड्या उतरवायला जातो, सकाळी घरी येऊन अंघोळ करून झोपतो आणि आपण अकरा वाजता कडी वाजवतो. झोपमोड करून कोण ऐकून घेईल! उद्यापासून संध्याकाळी पाच ते आठ.

२२ एप्रिल, मंगळवार

आज काहीतरी सापडलं.

तुर्भे स्टोअरच्या सखीबरोबर गेले होते. तिने पत्रक पिशवीतून काढलंच नाही. आत जाऊन बसली, पाणी प्यायली, म्हणाली काका तुमच्या गोळ्यांची पिशवी दाखवा बघू. प्रत्येक घरात ती असतेच, मेडिकलवाल्याची पातळ पिशवी, खिळ्याला नाहीतर देव्हाऱ्याच्या बाजूला टांगलेली. काकांनी ती जमिनीवर ओतली. शुगरच्या दोन, बीपीची एक, रक्त पातळ व्हायची एक, आणि एक इन्हेलर जो जवळपास रिकामा होता. मग एकेक गोळी हातात घेऊन ही कधी, ही कशासाठी, ही संपलीय का, असं ती विचारत गेली. काका मसाला मार्केटला तीस वर्षं होते, मिरचीची पोती उचलली, ती धूळ छातीत गेलीच. आता जिना चढताना थांबतात.

अर्धा तास फक्त त्यांच्या छातीचं बोलणं झालं. मागच्या पावसाळ्यात सर्दी झाली, ती खाली उतरली, आठ दिवस ॲडमिट, उसने पैसे आणले, मुलीचा क्लास बंद केला. हे सगळं काकूंनी सांगितलं, काका खाली बघत होते. तेव्हा सखी म्हणाली, काका ती सर्दी म्हणजे साधी सर्दी नसेल, फ्लू असेल, तुमच्या छातीला तो परवडत नाही, त्याच्यासाठी वर्षातून एकदा एक सुई आहे. काकूंनी लगेच विचारलं, कधी आणि कुठे?

परत येताना सखीला विचारलं हे कुठे शिकलीस, तर म्हणाली माझ्या सासऱ्यांची पिशवी मीच भरते ना.

म्हणजे लसीपासून सुरुवात करायचीच नाही. माणसाच्या दुखण्यापासून करायची, ते त्याचं स्वतःचं आहे, त्याला त्यातलं सगळं कळतं. उद्या सगळ्यांना हेच सांगणार. पत्रकं शेवटी द्यायची, नाहीतर नाही दिली तरी चालेल.

२९ एप्रिल, मंगळवार

नागरी आरोग्य केंद्राच्या एमओ मॅडमशी, म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टरांशी, बोलणं झालं, चांगल्या आहेत, वेळ दिला. काय मिळू शकतं काय नाही याचा हिशोब असा.

टीडी म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, ती केंद्रात असते, मोठ्या माणसाने दर दहा वर्षांनी घ्यायची असते पण आपल्याकडे खिळा लागला की मगच घेतात. शुगरवाल्याच्या पायाला जखम झाली तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. फ्लूची लस देशाच्या नेहमीच्या लसीकरणात नाही, पण आपल्या राज्यात २०१५ च्या स्वाईन फ्लूच्या साथीनंतर गरोदर माता आणि शुगर-बीपीच्या पेशंटना ऐच्छिक मोफत द्यायची सोय झाली, पुढे किती साठा येतो त्यावर सगळं अवलंबून. विकत घ्यायला गेलं तर दीड-दोन हजाराच्या आसपास. न्यूमोनियाची म्हणजे न्यूमोकोकलची लहान बाळांना २०२१ पासून देशभर फुकट मिळते, पण त्यांच्याच घरातल्या दमेकरी आजोबांना विकतच घ्यावी लागते आणि ती तर फ्लूच्या दुप्पट. नेहमीची पद्धत म्हणजे आधी कॉन्ज्युगेट, म्हणजे बाळांना देतात त्या जातीची, आणि वर्षाने दुसरी, जंतूच्या तेवीस प्रकारांवर चालणारी.

मला हे बोचतं. ज्या घरात महिन्याचं औषध अर्धंच आणतात, उरलेलं पगार झाल्यावर, तिथे लस महत्त्वाची आहे एवढं सांगून आपण निघून येऊ शकत नाही. म्हणून संस्थेच्या पैशातून फ्लूचे डोस घ्यायचं ठरलं, जिथे परवडतं तिथे घरच्यांनी भरायचे, बाकीच्यांचे आपण. कोणाला फुकट कोणाला नाही हे सखीच ठरवणार, घर तिला माहीत आहे. न्यूमोनियाच्या डोससाठी पैसे फार कमी आहेत, ते फक्त वारंवार ॲडमिट होणाऱ्या दमेकऱ्यांसाठी ठेवले.

८ मे, गुरुवार

लस विकत घेणं हे वेगळंच शिक्षण निघालं. फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो म्हणून डब्ल्यूएचओ म्हणजे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते प्रकार घालायचे ते सांगते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. भारत नकाशावर उत्तरेला आहे पण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात येतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेताना दक्षिण गोलार्धाचं, २०२५ चं लेबल हवं. एका सप्लायरने मागच्या सीझनचा उरलेला उत्तरेचा माल काढून दाखवला, स्वस्तात देतो म्हणाला, एक्स्पायरी जवळ आलेली. नाही म्हणलं. नर्सताईंनी बॉक्स उलटसुलट करून बारीक अक्षरं वाचली म्हणून कळलं, मी एकटी असते तर घेऊन आले असते.

दुसरं म्हणजे लोक विचारतात चार प्रकारांवाली भारी की तीन प्रकारांवाली. चौथा जो बी यामागाता नावाचा फ्लूचा प्रकार तो मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही, त्यामुळे आता तीनच पुरे असं डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे. तीन आहे म्हणून कमी प्रतीची असं नाही, हे सख्यांना नीट सांगितलं कारण कमी पैशातली लस आम्हाला देता असं कोणाला वाटायला नको.

१५ मे, गुरुवार

पहिलं सेशन, कोपरखैरणे, समाजमंदिराच्या हॉलमध्ये, संध्याकाळी साडेपाचपासून. नोंदवलेल्यांपैकी बहुतेक आले, काही बरोबर शेजारी घेऊन आले. पेटीत बर्फाचे पॅक, थर्मामीटर, दर तासाला वाचून वहीत टिपलं, दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहिलं.

कोणाला थांबवायचं याची सख्यांशी आधीच तयारी झालेली. ताप असेल तर आज नाही, बरं झाल्यावर. आधी याच लसीने जोरदार ॲलर्जी आली असेल तर नाही. शुगर आज वाढलीय म्हणून थांबायचं कारण नाही. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर बारीक सुई आणि नंतर दोन-तीन मिनिटं कापसाने दाबून धरायचं, चोळायचं नाही. अंड्याची ॲलर्जी म्हणून पूर्वी नको म्हणायचे, आता तसं नाही. घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, चहा-बिस्किट तेवढ्यासाठीच ठेवलं, शुगरवाल्यांना बिनसाखरेचा.

एका मावशींचं बीपी १९० वर निघालं, गोळी आठ दिवसांपासून बंद, संपली होती आणि मुलाला सांगायचा धीर झाला नाही. त्यांना सरळ केंद्रात पाठवलं, सखी सोबत गेली. लसीच्या निमित्ताने हे कळलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार करत होते रात्री.

तीन जण रांगेतून निघून गेले, त्यातल्या एका दादांना मी गाठलं तर म्हणाले पुढे बसलेल्या बाईने आई गं केलं ना. पुढच्या वेळी टोचायची जागा पडद्याआड करायची, साधी गोष्ट आहे पण सुचली नव्हती.

२६ मे, सोमवार

पाऊस आला! २६ मेला मान्सून मुंबईत, इतका लवकर कधीच आला नव्हता म्हणतात, आमचं सगळं गणित जूनच्या दहा तारखेवर बसवलेलं. इलठणपाड्याचं आजचं सेशन रद्द केलं, चढावरून पाणी वाहत होतं आणि चालायला त्रास असलेल्या माणसांना असल्या चिखलात बोलावणं बरोबर नाही. शनिवारी घ्यायचं.

त्यात टीव्हीवर परत कोरोनाच्या केसेसच्या बातम्या, ठाण्यात वाढल्या, मुंबईत वाढल्या. सगळ्या सख्यांचे फोन वाजतायत, कोरोनाची लस पुन्हा द्यायला लागलात का ताई? काही ठिकाणी याच भीतीने माणसं फ्लूच्या लसीला तयार झाली. मी स्पष्ट सांगितलं की भीतीचा फायदा घ्यायचा नाही, ही लस कोरोनाची नाही, ही फ्लूची आहे, दोन्ही वेगळे, असं प्रत्येकाला सांगूनच द्यायची. नाहीतर उद्या कोणाला कोरोना झाला की म्हणणार तुमची लस खोटी.

२ जून, सोमवार

सिम्प्लेक्सच्या सखीचं डोकं! माथाडी वस्तीत सातारा, जुन्नर, आंबेगावकडची माणसं खूप, आणि दरवर्षी कितीतरी जण वारीला जातात, शुगर असो बीपी असो. माऊलींची पालखी यंदा १९ जूनला आळंदीहून निघणार. ती घरोघर जाऊन सांगत सुटली, काका वारीत लाखो माणसांत चालणार, पावसात भिजणार, कोणाचा खोकला कोणाला लागेल सांगता येत नाही, लसीला दोन आठवडे लागतात, म्हणजे पाच तारखेच्या आत घ्या. पाच तारीख! एवढी पक्की तारीख आणि तिचं कारण दिल्यावर माणूस बघू म्हणत नाही. आज संध्याकाळी तिच्याकडचे अठरा जण आले, त्यातल्या कोणाच्याही घरी मी एप्रिलमध्ये पत्रक घेऊन गेले असते तर ते आले नसते.

सोबत वारीची पिशवी पण तपासून दिली, महिन्याच्या गोळ्या, इन्सुलिन असेल तर ते थंड कसं ठेवायचं, अनवाणी चालायचं नाही. एक आजोबा म्हणाले अनवाणीच चालतो मी तीस वर्षं. सखीने त्यांना टीडी कधी घेतली विचारलं. आठवत नाही. केंद्रात नेऊन आणलं त्यांना आज दुपारी, चप्पल घालणार की नाही ते काही कबूल केलं नाही.

१२ जून, गुरुवार

डायलिसिसच्या पेशंटचं काम आजपासून, यात जास्त वेळ गेला म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या वस्त्यांतले सात जण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. ज्यांचं रक्त मशीनमधून फिरतं त्यांना हिपॅटायटिस बी म्हणजे एका प्रकारची कावीळ होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून डायलिसिसला घ्यायच्या आधी ती टेस्ट करतात, आणि पॉझिटिव्ह असेल त्याला वेगळी मशीन. यांना लस दुप्पट ताकदीची लागते, नेहमीच्या वीसच्या जागी चाळीस मायक्रोग्रॅम, आणि डोस चार, आज, एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. कारण किडनी गेलेल्या शरीरात लसीने प्रतिकारशक्ती कमी तयार होते, म्हणून शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्तीचा आकडा दहाच्या वर आला का ते बघायचं, आणि पुढे दरवर्षी एकदा. खरं तर डायलिसिस सुरू व्हायच्या आधी, किडनी बिघडायला लागली तेव्हाच ही लस द्यायला हवी, तेव्हा जास्त लागू पडते. सातपैकी चौघांना आधी कधीच मिळाली नव्हती. कोणी मुद्दाम टाळलं असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरला वाटतं सेंटर देईल, सेंटरला वाटतं डॉक्टरने दिली असेल.

आणि यात मागच्या आठवड्यात एक धक्का बसला. एका ठिकाणाहून लस आणली होती, त्यांच्या फ्रीजमध्ये ती वरच्या कप्प्यात, बर्फाच्या भिंतीला चिकटून ठेवलेली, वायल म्हणजे लसीची छोटी बाटली हातात घेतली तर बाहेरून बर्फाचा थर. हिपॅटायटिस बीची लस एकदा गोठली की बाद, वितळली तरी उपयोग नाही आणि दिसायला अगदी चांगली दिसते हेच वाईट. नर्सताईंनी शेक टेस्ट केली, त्याच लॉटची एक वायल मुद्दाम पूर्ण गोठवून वितळवली, मग दोन्ही एकदम हलवून टेबलावर शेजारी ठेवल्या. दोन्हींचा गाळ सारख्याच घाईने खाली बसला. म्हणजे संशय होता ती पण गोठून गेलेली. सगळा डबा बाजूला काढला, पैसे गेले, आणि मला विचारात पाडलं ते हे, की आपण बघितलं नसतं तर त्या माणसाला चार सुया टोचून आपण त्याला सुरक्षित आहेस म्हणून सांगितलं असतं.

दुसरीकडून नवीन आणली आणि आज चौघांना पहिला डोस झाला. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली नस, ज्या हाताला आहे त्या हाताला सुई नाही, तो हात मशीनसाठी राखलेला, हे पेशंट स्वतःच इतक्या पटकन सांगतात, ताई हा नाही तो. एका वहिनींनी विचारलं, माझ्या मुलांना पण माझ्यामुळे होईल का? मुलांना लहानपणी झालीय का बघायला त्यांची जुनी कार्डं शोधायला सांगितली, पुढच्या वेळी आणणार आहेत.

४ जुलै, शुक्रवार

कर्नाटकातल्या हासनमध्ये तरुण माणसं हार्ट अटॅकने गेली आणि ते कोरोनाच्या लसीने झालं असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. दिघ्यात दोन घरांनी नाव मागे घेतलं, एका घरातल्या मुलाने सखीला दारातच मोठ्या आवाजात सुनावलं. ती रडत आली.

सगळ्यांना बोलावून बसलो. काय माहीत आहे ते सांगितलं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयाच्या अचानक गेलेल्या माणसांचा अभ्यास केला होता, २०२३ मध्ये आला, त्यात लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, घरात आधी कोणी असं अचानक गेलेलं असणं, कोरोनात ॲडमिट झालेलं असणं, बेदम दारू, अंगाला झेपणार नाही इतकी मेहनत, याने वाढलेला दिसला. परवा २ जुलैला केंद्राच्या आरोग्य खात्याने पण लसीचा संबंध नाही असंच सांगितलंय. आणि फ्लूचं तर उलट आहे, २०१८ मधला कॅनडाचा अभ्यास आहे, फ्लू झाल्याचं टेस्टमध्ये पक्कं झालं की पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका साधारण सहापट असतो. हार्टवाल्याने फ्लू टाळायचा तो याच्यासाठी.

पण हे आकडे घेऊन त्या मुलाच्या दारात जायचं नाही असंही ठरलं. त्याचा मामा गेल्या वर्षी अटॅकने गेला होता, चाळीस वर्षांचा. ते आम्हाला माहीत नव्हतं. आधी मामाबद्दल विचारायला हवं होतं. सखी म्हणाली मी जाते परत, आठवड्याने, नुसती बसून येते.

१८ जुलै, शुक्रवार

एक कठीण दिवस. मसाला मार्केटचे काका, ज्यांच्या पिशवीवरून आम्ही सगळं शिकलो, त्यांना लस घेऊन दोन महिने झाले आणि ताप-खोकला होऊन ॲडमिट केलं. काकूंचा फोन, लस घेतली ना आम्ही, मग? काय उत्तर देणार. संध्याकाळी भेटायला गेले. टेस्टमध्ये फ्लू निघाला नाही, दुसरंच कुठलं इन्फेक्शन. ऑक्सिजन लागला पण आयसीयू नाही. मी काकूंना सरळ सांगितलं की ही लस फक्त फ्लूला अडवते, आणि त्यालाही दरवेळी पूर्ण नाही, झाला तरी जोर कमी करते, बाकीचे ताप-खोकले तिच्या हातात नाहीत, आणि हे आम्ही तेव्हा नीट बोलायला हवं होतं. त्या म्हणाल्या तुम्ही सांगितलं होतं, मीच विसरले. मला आठवतंय आम्ही घाईत सांगितलं होतं.

काकांच्या न्यूमोनियाच्या डोसचं बरं होऊन घरी आल्यावर बघू, पैसे राखून ठेवलेत. वहीत आज सगळ्यांसाठी एक ओळ टाकली, सुई द्यायच्या आधी "ही कशाला अडवत नाही" हे पेशंटने स्वतःच्या तोंडाने परत सांगायचं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

तुर्भेत एका आजींना नागीण झालीय, पाठीवरून कमरेकडे. शुगर आधीपासून, त्यात संधिवाताच्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट. घरचे घाबरलेत, कारण नागिणीचं डोकं आणि शेपूट मिळालं की माणूस जातो म्हणतात. सखीने आधी तेच सोडवलं, ती नसेच्या रस्त्याने एकाच बाजूला येते, दोन्ही टोकं जुळायला जात नाही, आणि हा लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू, शरीरात झोपलेला असतो, ताकद कमी झाली की उठतो. लगेच डॉक्टरकडे नेलं, पुरळ उठून दुसराच दिवस होता म्हणून औषध वेळेत सुरू झालं, पहिल्या बहात्तर तासांत सुरू झालं तर चांगलं. शेण-गेरू लावायचं थांबवलं.

सुनेने विचारलं याची लस असते का. असते, २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, एकेक डोस दहा हजाराच्या वर. एवढं म्हणून मी थांबले, ती पण काही बोलली नाही. त्यांच्या घरात तिघं कमावतात तरी महिन्याला तेवढे हातात राहत नाहीत. आपल्या पैशात हे बसत नाही. तरी मी लसीचं नाव लिहून दिलं तिला, कारण माहिती पण आम्ही गरिबाला कमी द्यायची का?

मेथोट्रेक्सेटवाल्यांना फ्लूची लस चालते, कधी कधी डॉक्टर लसीनंतर दोन आठवडे ती गोळी थांबवतात, पण ते डॉक्टरने सांगायचं, सखीने नाही. आजी बऱ्या झाल्या की त्यांच्या फ्लूच्या लसीची विचारणा करायची.

१३ ऑगस्ट, बुधवार

केंद्रात एमओ मॅडमकडे परत गेले, मागणं एकच. शुगर-बीपीच्या गोळ्या घ्यायला माणूस दर महिन्याला खिडकीवर येतोच, त्याच्या त्या पिवळ्या वहीत लसीसाठी एक पान चिकटवू द्या. फ्लू, टीडी, न्यूमोनिया, हिपॅटायटिस, घेतलेली तारीख आणि पुढची तारीख, बस. कॅम्प लावला की येणारे येतात आणि पुढच्या वर्षी कोणालाच आठवत नाही, फ्लूची तर दरवर्षी घ्यायची असते. खिडकीवर गोळ्या मोजून देणाऱ्या ताईनेच वही उघडून पान बघितलं तर वेगळा कॅम्प लागणार नाही. मॅडम म्हणाल्या एका खिडकीवर करून बघू. पानं मी आजच छापून आणली, मराठीत, मोठ्या अक्षरात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सोमवार-मंगळवारी धो धो पाऊस, लोकलचे हाल, डायलिसिसचे दोन जण मंगळवारी पोचूच शकले नव्हते, आज आले, पाय सुजलेले. नशीब तिसरा डोस बारा तारखेला वेळेत झाला.

मसाला मार्केटचे काका घरी आहेत, न्यूमोनियाचा डोस झाला, नवीन इन्हेलर कसा ओढायचा ते सखीने चार वेळा करून घेतलं. दिघ्याच्या त्या घरात सखी तिसऱ्यांदा बसून आली, मुलाने लस घेतली नाही, आईला घेऊ दिली.

सत्तावीसला गणपती, अर्धी वस्ती गावाला जाणार, म्हणून पुढच्या तारखा आजच लावून घेतल्या. वहिनींनी मुलांची जुनी कार्डं आणली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कडा फाटलेल्या, दोघांचेही हिपॅटायटिसचे तिन्ही डोस झालेले. त्यांना फार बरं वाटलं. त्यांचा स्वतःचा चौथा डोस हिशोबाने १२ डिसेंबरला येतो, पण तो शुक्रवार आणि त्यांची पाळी मंगळ-गुरू-शनि, रोजंदारीचा खाडा करून वेगळं यायला जमणार नाही. म्हणून शनिवार तेरा ठरवला. त्यांनी मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडलं, मग म्हणाल्या नको, घरी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिते, दुधाचा हिशोब तिथेच असतो, सगळ्यांना दिसेल.